मदत हवी आहे: ओपन सोर्स प्रकल्पाच्या कौन्सिलला उभी राहू का?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. प्रश्न शीर्षकात आहे तेवढाच, पण पसारा मोठा आहे. सांभाळून घ्या.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. पीडीएफ अहवाल तयार करणाऱ्या एका ओपन सोर्स लायब्ररीत (म्हणजे कोणीही वापरावा, सुधारावा असा खुला, तयार कोड) २०१६ पासून आहे. नाव लिहीत नाही, कारण अर्ज अजून भरायचाय आणि तिथले दोघं-तिघं इथेही असतात. यात शिरले ती एका गावाच्या नावापायी. तेव्हाच्या नोकरीत आम्ही पावत्या छापायचो आणि दर पावतीवर 'कऱ्हाड'चं वाटोळं झालेलं असायचं. ह च्या आधी जो आडवा अर्धा र येतो, तो रफार होऊन ह च्या डोक्यावर जाऊन बसायचा. गिऱ्हाईक फोन करून विचारायचं, गावाचं नाव तरी धड छापा की. मी बग, म्हणजे दोषाची तक्रार, टाकला. सहा महिने कोणी हात लावला नाही. लावणार कोण? बघणाऱ्यांत मराठी वाचता येणारं कोणी नव्हतंच. शेवटी दोन महिने डोकं फोडून, अक्षरजुळणीचं काम हार्फबझ नावाच्या दुसऱ्या लायब्ररीकडे सोपवणारा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, मीच लिहिला. तो मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडात घेतला गेला, त्या दिवशी घरात पेढे आणले, तर सासूबाईंना भलतंच वाटलं.

तेव्हापासून देवनागरी, बंगाली, कन्नड, जी म्हणून वाकडी लिपी आहे तिचा पॅच तपासायला माझ्याकडे येतो. दस्तऐवजही बरेचसे मीच नीट लावते.

प्रकल्पाला पाच जणांचं कौन्सिल आहे, मुदत दोन वर्षं. यंदा तीन जागा रिकाम्या होतायत, मतदार १४० च्या आसपास. जुन्या सभासदांपैकी एकाने मेल केली की तू उभी राहा. आपलं नाव आपणच द्यायचं, सोबत ५०० शब्दांचा जाहीरनामा. मुदत पुढच्या रविवारपर्यंत.

घरात निवडणूक नवीन नाही. सासरे, म्हणजे अण्णा, वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी विकास सोसायटीचे दोनदा चेअरमन होते. त्यांना सांगितलं तर पहिला प्रश्न, "मतदार किती म्हंतीस?"

"एकशे चाळीस."

"एवढंच? मग यादी काढ आन् एकेकाला फोन लाव. चार दिवसांचं काम हाय."

"अण्णा, तिथे फोन करून मत मागितलेलं आवडत नाही. लिहून मागायचं."

"बरं. सूचक कोण?"

"कोणी नाही. मीच."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं बोललेच नाही.

तर विचारायचं ते असं. खाजगीत कोणाला 'मत द्या' म्हणणं खरंच वाईट दिसतं का, की तो माझाच समज आहे? दुसरं, आमच्याच कंपनीतला एक जण आधीपासून कौन्सिलवर आहे. आमच्या नियमांत यावर अवाक्षर नाही, पण उद्या कोणी बोट दाखवलं तर?

आणि जे मला झोपू देत नाहीये ते तिसरं. मी कौन्सिलवर गेले तर लिप्यांचे पॅच बघणार कोण? पुन्हा सहा महिने पडून राहणार. या कामाच्या जोरावर निवडून यायचं आणि आल्या आल्या तेच काम वाऱ्यावर सोडायचं, हे मनाला पटत नाही.

जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:

हरिपूरकर

आधी एक स्पष्ट करा. हे तांत्रिक कौन्सिल आहे की फाउंडेशनचं संचालक मंडळ? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. संचालक झालात तर बँक खातं, हिशेब, करार, सगळ्यावर तुमची कायदेशीर जबाबदारी येते, आणि संस्था परदेशात नोंदलेली असेल तर सही करण्याआधी एखाद्या सीएला विचारा.

कंपनीचा मुद्दा काल्पनिक नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं बघा. तिचे जनक ग्वीदो व्हान रॉसम यांनी जुलै २०१८ मध्ये प्रमुखपद सोडलं. भाषेत घालायच्या एका चिन्हावरून, तेच ते := म्हणजे 'वॉलरस', इतकी वादावादी झाली होती की माणूस विटला. त्यानंतर २०१९ पासून तिथे पाच जणांचं स्टीअरिंग कौन्सिल आहे, आणि एकाच मालकाकडे काम करणारे दोनापेक्षा जास्त चालत नाहीत असा नियमच केलाय. त्या हिशेबाने तुम्ही दोघं बसता. पण तुमच्याकडे नियम नाही, म्हणून जाहीरनाम्याच्या पहिल्या परिच्छेदातच कंपनीचं नाव टाका आणि सहकारी कौन्सिलवर आहे हेही लिहा. दुसऱ्याने शोधून काढलं की त्याचं प्रकरण होतं. आणि मॅनेजरकडून दोन ओळींची मेल घेऊन ठेवा, तोंडी 'हो हो' वर जाऊ नका.

पॅचवाला

खाजगीत मत मागू नका. समज बरोबर आहे तुमचा. मी डेबियनच्या, म्हणजे लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाच्या, निवडणुका बरीच वर्षं बघतोय. तिथे प्रकल्पप्रमुख दरवर्षी निवडतात. एक आठवडा नावं द्यायला, मग तीन आठवडे प्रचार, मग दोन आठवडे मतदान. प्रचार म्हणजे काय, तर मेलिंग लिस्टवर कोणीही उठून प्रश्न विचारणार आणि उमेदवारांनी सगळ्यांदेखत उत्तर द्यायचं. जे काय असेल ते चावडीवर.

अण्णांना हेही सांगा: मत एकालाच नसतं, पसंतीक्रम लावायचा असतो आणि मग प्रत्येक जोडीची कुस्ती लावतात, या दोघांत जास्त लोकांना कोण वर हवा होता म्हणून. 'यांपैकी कोणी नाही' हाही तिथे एक गडीच. त्याला जो हरवू शकला नाही तो बाद. आपल्याकडचा लोकसभा-विधानसभेचा नोटा नुसता मोजायला असतो, तिथला माणूस पाडतो. तुमच्याकडे कुठली पद्धत आहे ते बघून घ्या. पसंतीक्रम असेल तर सगळ्यांचा दुसरा-तिसरा पसंतीचा उमेदवार असण्यात मोठा फायदा आहे. कोणावर तुटून पडू नका.

कंदी_पेढा

अण्णांचा चष्मा डोळ्यांसमोर आला. =))

माहितीत भर: २०१९ ला त्याच डेबियनमध्ये पहिल्या आठवड्यात एकही अर्ज आला नव्हता. मुदत वाढवावी लागली, मग चारजण उठले आणि सॅम हार्टमन निवडून आले. आपल्याकडे बिनविरोध करायला रात्रभर बैठका, तिथे उभं राहायला माणूस मिळेना. तेव्हा ताई, भरा अर्ज.

धागाकर्ती

@हरिपूरकर, तांत्रिक कौन्सिलच आहे. पैसे दुसरी संस्था सांभाळते, आमचा सहीशी संबंध नाही. मॅनेजरना आज मेल टाकली. कौन्सिलची बैठक महिन्यातून दोनदा, जर्मनीतले संध्याकाळचे सात. म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेदहा, आणि त्यांची घड्याळं मागे गेली की साडेअकरा. मुलाची शाळा सकाळी सातला असते, पण ते बघू.

तिसऱ्या प्रश्नाला कोणीच हात लावला नाही.

अजिंक्यतारा

मी लावतो. साताऱ्यात बसून एका मधल्या आकाराच्या प्रकल्पात उभा राहिलो होतो. पहिल्यांदा पडलो, दुसऱ्यांदा आलो. तुमची भीती खरी आहे, तिला कमी लेखू नका. निवडून आल्यावर माझा कोड लिहायचा वेळ अर्ध्याच्या खाली गेला. कौन्सिलवर कोड नसतो, माणसं असतात. एका तपासणाऱ्याने 'हे तर उघडच आहे' एवढं लिहिलं, पॅच पाठवणारा पोरगा दुखावला, आणि मी पाडव्याच्या दिवशी ओवाळून घ्यायचं सोडून दोघांशी वेगवेगळा बोलत बसलो होतो. बायकोने त्या पाडव्याची आठवण अजून ठेवलीय.

पण उलटं बघा. तुमच्या जाण्याने पॅच पडून राहणार असतील तर ते आजही पडतील, तुम्ही आठ दिवस तापाने आडव्या झालात तरी. एवढा मोठा प्रकल्प एका माणसावर टेकलाय, हा तुमचा घरगुती प्रश्न नाही, प्रकल्पाचा आहे. तोच जाहीरनाम्यात घाला. 'लिप्यांचे पॅच आज मी एकटी बघते, सहा महिन्यांत तिघं बघतील, त्यांना मी तयार करीन.' असं मोजता येणारं एक वाक्य लिहिलंत तर बाकीचं कोणी वाचलं नाही तरी चालेल.

आणि 'आपण हरलो तर' हे मनात असेल तर श्रुती चंद्रन यांचं बघा. भारतातल्याच. डेबियनला २०२० आणि २०२१ ला उभ्या होत्या, दोन्ही वेळा जोनाथन कार्टर आले. २०२४ ला पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हा आंद्रेआस टिले आले. पण उमेदवार म्हटला की त्याला प्रश्न विचारतात, त्याचं उत्तर हजारभर लोक वाचतात. तुमचा 'कऱ्हाड' एरवी कोण वाचणार होतं?

धागाकर्ती

अजिंक्यतारा, धन्यवाद. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण गावी होते.

तिसरा प्रश्न अण्णांनाही विचारला. म्हटलं, तुम्ही चेअरमन होता तेव्हा शेतीचं कसं केलंत? अण्णा म्हणाले, "व्हायचं की सगळं येळच्या येळी." सासूबाई आत भाकरी थापत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "व्हायचं म्हंजे? लागणीला मी, पाण्याला रातच्याला मी, तोडीची चिठ्ठी आणाया पन मीच. ह्यास्नी ऊस दिसायचा तो वजनकाट्यावर." अण्णांनी पेपर वर केला.

मग परत येताना एसटीतच मेल केली. कन्नड येणारा बेळगावचा एक मुलगा आहे, चांगले पॅच पाठवतो, पण दुसऱ्याचे तपासायला धजत नाही. त्याला विचारलं, महिनाभर आपण दोघं मिळून तपासू, चालेल का? रात्री उत्तर आलं, "मी वाटच बघत होतो, कोणी विचारलं नाही." इतक्या वर्षांत मला विचारायचं सुचलं नव्हतं.

अर्ज भरतेय. जाहीरनामा ६२० शब्दांचा झालाय, १२० कापायचेत. कंपनीचं नाव पहिल्याच परिच्छेदात आहे, मॅनेजरची मेलही आली. अण्णांनी छापील प्रत मागून घेतली आणि मराठीत सांग म्हणाले, मग म्हणाले, "समद्यांस्नी समजंल असं न्हाई लिवलंस." ते बरोबर आहे, मधला भाग पुन्हा लिहिते.

कोणाला मसुद्यावरून नजर फिरवता येईल का? गुरुवार रात्रीपर्यंत विपु (विचारपूस, म्हणजे माझ्या पानावर निरोप) करा. आणि पीडीएफ उघडल्यावर तिसऱ्या ओळीतला 'कऱ्हाड' तुमच्याकडे नीट दिसतोय का तेही कळवा, फोनवर मला शंका येतेय.