प्रतिसाद: स्पेनमधली रिपब्लिकन-समाजवादी युती

वर कुणीतरी लिहिलंय की रिपब्लिकनांशी (म्हणजे राजेशाही नको, प्रजासत्ताक हवं म्हणणाऱ्यांशी) युती करून स्पेनच्या समाजवाद्यांनी स्वतःचं नुकसान करून घेतलं. मला हे अजिबात पटत नाही. पक्ष स्थापन झाला १८७९ मध्ये आणि तीस वर्षं एकटं लढून संसदेत एकही खासदार नाही, कारण खेड्यापाड्यात मतं स्थानिक बड्या धेंडांच्या खिशात, त्यात १९०७ च्या कायद्यानं तर समोर कुणी उभं नसेल तर मतदानच नको, उमेदवार थेट निवडून आला! मग जुलै १९०९ ला मोरोक्कोच्या लढाईसाठी राखीव सैनिकांना बोलावलं, पैसेवाल्यांची पोरं पैसे भरून सुटायची आणि बायकापोरं असलेले कामगार बोटीत चढवले जात होते, त्यावरून बार्सिलोना पेटलं, सरकारनं ते चिरडलं, अराजकवादी शिक्षणतज्ज्ञ फेरेरला गोळ्या घातल्या. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये युती झाली आणि १९१० ला पाब्लो इग्लेसियास माद्रिदमधून निवडून आले, पहिले समाजवादी खासदार. सोबत रिपब्लिकन म्हणून कादंबरीकार गाल्दोसही होते. आणि १९३१ ला समाजवादी आणि रिपब्लिकन पुन्हा एकत्र आले तेव्हा नगरपालिका निवडणुकीत शहरं जिंकली, राजाला देश सोडावा लागला. १९३३ ला वेगवेगळे लढले, उजवे जिंकले. नुकसान नेमकं कधी झालं ते तुम्हीच बघा.