मदत हवी आहे: सूर्याच्या करोनात लहरींची उष्णता होते कशी?

नमस्कार मंडळी, दोन दिवस एकाच जागी अडकलोय. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश सेल्सिअस आणि त्याच्या वरचा करोना, म्हणजे सूर्याचं सगळ्यात बाहेरचं विरळ वातावरण, दहा लाखांच्याही पुढे! शेकोटीपासून लांब जावं तसं जास्त भाजावं, असला हा उलटा प्रकार.

ही उष्णता खालून वर येणाऱ्या लहरी देतात, असं एक उत्तर आहे. त्यातल्या ध्वनिलहरींचं कळलं. वर जाताना वायू विरळ होतो, लहर मोठी होत जाते, शेवटी आघात-तरंग बनून बरीचशी ऊर्जा खालच्या वर्णमंडलातच (पृष्ठभाग आणि करोना यांच्या मधल्या थरात) टाकून मोकळी होते.

घोडं अडलंय ते आल्फवेन लहरींपाशी. स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ हानेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या या लहरी चुंबकीय रेषांवरून ताणलेल्या तारेसारख्या थरथरत वर जातात, वायूला दाबत नाहीत. पण म्हणूनच त्या सहज विरतही नाहीत ना? शेजारच्या रेषांवर वेग वेगळा असला की लहरी बेताल होतात आणि मधल्या बारीक पट्ट्यांत घर्षण वाढतं, असं वाचलं. की वरून परतलेल्या आणि खालून येणाऱ्या लहरींच्या टकरीतून माजणारी खळबळ जास्त कामाची?

समीकरणं चालतील, पण आधी चित्र डोळ्यांसमोर उभं करा. आणि कृपया ‘नॅनोफ्लेअर (करोना तापवणारे अगदी छोटे चुंबकीय स्फोट) वाच’ म्हणू नका, ते वाचून झालंय!