जीर्णोद्धार: इंग्रजीत रिनोव्हेशन की रिस्टोरेशन?

कृष्णाकाठची
वाईजवळ आमच्या गावात पेशवाईतलं महादेवाचं देऊळ आहे. मुंबई-दुबईच्या गावकऱ्यांकडून वर्गणी मागायला इंग्रजी माहितीपत्रक हवंय. 'तुझं इंग्रजी बरं' म्हणून काम माझ्या गळ्यात. मराठीत जीर्णोद्धार म्हटलं की झालं. इंग्रजीत खजिनदारकाका रिनोव्हेशन म्हणतात, त्यांचा पुतण्या रिस्टोरेशन. डिक्शनरीत एकाच्या अर्थात दुसरा!

कामं अशी: गर्भगृहाची गळती थांबवायची, दगडावर फासलेला ऑइलपेंट काढायचा (कोणी फासला ते विचारू नका), पुरात ढासळलेली ओवरी तिच्याच दगडांनी उभी करायची, सभामंडपाचे दोन कुजलेले सागवानी खांब बदलायचे. शिवाय भक्तनिवासात फरशी आणि नवे संडास.

चुनखडी
ताई, सगळ्याला एकच शब्द शोधताय म्हणून अडलंय. जुन्या वास्तूंचं काम करणारे आम्ही १९७९च्या ऑस्ट्रेलियातल्या बर्रा चार्टरचा, म्हणजे वारसास्थळं कशी जपावीत हे सांगणाऱ्या सनदेचा, आधार घेतो. त्यात फरक सामानावरून ठरतो. आहेत तेच दगड परत जागी बसवले किंवा मागाहून चढवलेलं काढलं, तर रिस्टोरेशन. नवं सामान आणून जुनं रूप उभं केलं, तर रिकन्स्ट्रक्शन. म्हणजे ओवरी आणि ऑइलपेंट रिस्टोरेशनमध्ये. गळतीला आणि खांबांना सरळ रिपेअर लिहा, त्यात कमीपणा काही नाही. रिनोव्हेशन फक्त भक्तनिवासाचं. देवळाच्या कामाला मथळा कॉन्झर्व्हेशन.

लंडनचा पाहुणा
इंग्लंडमध्ये रिस्टोरेशन ही एके काळी जवळजवळ शिवीच होती. जुन्या चर्चना 'मूळ' रूप द्यायच्या नादात लोक भिंतींचा गिलावा खरवडून काढत. त्याविरुद्ध विल्यम मॉरिसने १८७७ साली संस्था काढली, तिचं टोपणनावच अँटी-स्क्रेप! आता शब्दाला मान आहे. पॅरिसच्या नोत्र दामचा २०१९च्या आगीत कोसळलेला मनोरा नव्या लाकडातून उभा केला, तरी बातम्यांत रिस्टोरेशनच. त्यामुळे वर्गणीदारांसाठी इतका काथ्याकूट नको, असं माझं मत.

चुनखडी
वर्गणीदार वाचतील हो, पण तेच पत्रक उद्या कंत्राटदाराच्या हातात जातं. रिनोव्हेशन वाचलं की तो गाभाऱ्यात ग्रॅनाइट बसवून मोकळा!

कृष्णाकाठची
हे बरं सांगितलंत. पण कालच्या मीटिंगमध्ये नवीनच निघालं. मंडळींना आरसीसीचं उंच शिखर हवंय. मूळ शिखर कसं होतं ते कोणालाच आठवत नाही. याला काय लिहू?

चुनखडी
जुना फोटो, चित्र, दप्तरातली नोंद, काहीच नाही? मग न्यू कन्स्ट्रक्शन लिहा. १९६४च्या व्हेनिस चार्टरमध्ये स्पष्ट आहे: अंदाज सुरू झाला की रिस्टोरेशन थांबलं पाहिजे. खर्चही वेगळ्या रकान्यात दाखवा, म्हणजे ज्याला शिखरासाठी द्यायचेत तो त्यासाठी देईल. त्याआधी देऊळ राज्य संरक्षित यादीत आहे का ते पुरातत्त्व खात्याकडे विचारून घ्या. असेल तर परवानगीशिवाय दगडही हलवता येणार नाही. आणि गळतीच्या कामात सिमेंट नको, चुनाच वापरा. सिमेंटने ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

कृष्णाकाठची
वेगळा रकाना केला. खजिनदारकाका अजून बोललेले नाहीत.