मदत हवी आहे: पद्मिनीत ड्रायव्हरच्या पायाशी पाणी साचतंय

नमस्कार मंडळी,

बाबांनी घेतलेली १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आता माझ्याकडे आहे. १०८९ सीसीचं मूळ इंजिन अजून पहिल्या सेल्फला चालू होतं. अडचण आहे ती पावसाची. मी चिपळूणला राहतो, गाडी अंगणात उघड्यावर असते, आणि रात्रभर सर आली की सकाळी ड्रायव्हरच्या बाजूचं मॅट पाण्यात. परवा मॅट उचलून खालचं तागाचं फेल्ट पिळलं तर कपभर तांबूस पाणी निघालं. भिजलेल्या गोणपाटासारखा वास येत होता. फेल्टखाली पत्र्याचा रंग फुगलाय, नखाने टोकरलं की पापुद्रा निघतो. जीव तुटतो हो बघून.

मागच्या वर्षी एका गॅरेजमध्ये दाखवली होती. त्यांनी पुढच्या काचेच्या रबरावरून चौफेर सिलिकॉन फासून दिलं. महिनाभर बरं होतं, मग पुन्हा तेच. अंगण उताराचं आहे. गाडी तोंड खाली करून लावली तर पाणी पेडलपाशी, उलटी लावली तर मागच्या सीटखाली. त्यामुळे नक्की शिरतंय कुठून ते कळत नाही. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद

आधी फेल्ट, मॅट सगळं बाहेर काढा आणि आतला पत्रा कोरडा करा. ओल्या गाडीत गळती सापडत नाही. मग डॅशबोर्डखाली आणि दाराच्या उंबऱ्याजवळ टाल्कम पावडर भुरभुरवा. एकाने बॅटरी (टॉर्च) घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून बारीक धारेने पाणी सोडायचं. खालून वर जायचं, हे महत्त्वाचं. आधी दाराचा खालचा भाग, मग क्वार्टर ग्लास (दाराच्या काचेपुढची छोटी तिकोनी काच), मग वायपरच्या दांड्यांची रबरं, काच शेवटी. एकेका जागी पाचदहा मिनिटं थांबा. एकदम टपावरून पाणी ओतलंत तर सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर अजिबात नको.

दारं विसरू नका. काचेच्या फटीतून दारात पाणी जातंच, ते तळाच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. भोकं चिखलाने बुजली असतील तर बारीक तारेने मोकळी करा. ट्रिमच्या (दाराच्या आतल्या आवरणाच्या) मागचं प्लॅस्टिक फाटलं असेल तर तेही बदला. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर तिथलं रबर चेपून निकामी झालंय.

धागाकर्ता, दोन दिवसांनी

मनापासून आभार. बायको बॅटरी घेऊन आत, मी बाहेर पाइप घेऊन. दारांची भोकं खरंच बुजली होती, डाव्या दारातून तर लोटाभर पाणी पडलं. पण उजवीकडची गळती ती नव्हती. वायपरपर्यंत आतली पावडर कोरडी. काचेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर धार धरली आणि सातव्या मिनिटाला आतून हाक आली. पाणी डॅशबोर्डमागे उतरून वायरिंगच्या जुडग्यावरून खाली येत होतं, पावडरमध्ये बोटभर रुंद ओघळ उमटला होता. म्हणून मला इतके दिवस वायरिंगच्या ग्रोमेटचा (वायरी पत्र्यातून आत येतात तिथल्या रबरी कड्याचा) संशय होता.

त्या कोपऱ्यातलं सिलिकॉन खरवडलं. आत पाणी अडकून रबराखालचा पत्रा सडलाय, टाचणी आरपार जाते. वरून आणखी काही फासण्यात अर्थ नाही एवढं मला पटलंय.

आता प्रश्न काच काढण्याचा. नवं रबर हातात असल्याशिवाय मी जुन्याला हात लावणार नाही. ते मिळालं की जुन्या रबराची बाहेरची कड ब्लेडने कापून काच उचलायची, सडका पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करायचा, प्राइमर आणि सीम सीलर (पत्र्याचे सांधे बुजवणारा लेप) लावायचं, मग खाचेत सुतळी घालून साबणाच्या पाण्याने नवं रबर बसवायचं, असा बेत आहे. कोणी स्वतः केलंय का? काच मूळचीच आहे, तडकली तर दुसरी मिळेल की नाही याचीच धास्ती आहे. आणि चिपळूण ते कोल्हापूर या पट्ट्यात काचेच्या कडेचा पत्रा नीट करणारा, जुन्या गाडीची माया असलेला डेंटर माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तोवर गाडी ताडपत्रीखाली, फेल्ट पडवीत दोरीवर वाळत घातलंय.