बेडसाइड ओव्हर सुरू केल्यापासून नाइट आणि मॉर्निंगमध्ये रोज वाद

इन्चार्ज_मेडिकल

३० खाटांचा मेडिकल वॉर्ड. नाइटला ३ स्टाफ, मॉर्निंगला ६. तीन आठवड्यांपूर्वी नर्सिंग स्टेशनवर बसून घ्यायची ओव्हर (पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं) बंद केली आणि प्रत्येक खाटेपाशी जाऊन घ्यायची पद्धत आणली. त्याआधी पत्रक काढलं होतं, एक बैठकही झाली. पूर्वी ओव्हर २० मिनिटांत आटपायची, आता तास लागतो. नाइटचा स्टाफ रोज उशिरा सुटतो. मॉर्निंगवाल्या पेशंटसमोरच "सलाईन संपलेली आहे, इनटेक-आउटपुट (शरीरात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या द्रवाची नोंद) भरलेलं नाही" असं बोलतात आणि तिथून भांडण सुरू होतं. दोन सीनियर सिस्टरचा उघड विरोध आहे. इन्चार्ज रजेवर असली की ओव्हर परत स्टेशनवरच होते.

पद्धत मागे घ्यायची नाही. पेशंट डोळ्यांसमोर असला की चुकीच्या दराने चाललेला सलाईनचा पंप किंवा सुजलेला हात तिथल्या तिथे दिसतो. ती टिकवायची कशी आणि वाद कसे मिटवायचे?

ड्युटीलिस्ट

आधी हिशेब मांडा. एक तास लागतोय म्हणजे सगळा स्टाफ घोळक्याने ३० खाटा फिरतोय. एका खाटेला २ मिनिटं धरली तरी ६० होतात. बेडसाइड ओव्हर घोळक्याची नसते, जिचा पेशंट तिने जी घेणार तिला द्यायची असते.

तुमच्याकडे नाइटला प्रत्येकीचे १० पेशंट, मॉर्निंगला ५. नाइटच्या एकीने पहिले पाच एकीला द्यायचे आणि पुढचे पाच दुसरीला, म्हणजे २० मिनिटं. दुसरीने तोवर उभं राहू नये, क्रॅश कार्ट (तातडीच्या औषध-साहित्याची ट्रॉली), सक्शन आणि ऑक्सिजन तपासून घ्यावं. वाटप खाटांच्या ओळीप्रमाणे ठेवा. नाइटच्या एकीचे पेशंट मॉर्निंगच्या तिघी-चौघींत विखुरले की एकमेकींना शोधण्यातच वेळ जातो.

या सगळ्याआधी स्टेशनवर उभ्याने ५ मिनिटं सर्वांची एकत्र माहिती व्हावी: गंभीर पेशंट, नवीन ॲडमिशन, पडण्याचा धोका असलेले, प्रोसिजरसाठी उपाशी ठेवलेले. नाहीतर शेजारच्या खाटेचा पेशंट बिघडला तर त्याच्याबद्दल कोणालाच काही ठाऊक नसतं. ही पाच मिनिटं वाचवायला जाऊ नका.

म्हणजे एकूण २५ मिनिटं. आता ड्युटी लिस्ट बघा. नाइट संपण्याची आणि मॉर्निंग सुरू होण्याची वेळ एकच असेल तर ही २५ मिनिटं कोणाच्या तरी घरच्या वेळेतून जातात. तुमच्याकडच्या विरोधाचं निम्मं कारण इथेच असावं. दोन पाळ्यांमध्ये ३० मिनिटं सामाईक ठेवायची मंजुरी मेट्रनकडून लेखी घ्या. ती मिळाल्याशिवाय "सहकार्य करा" म्हणण्यात अर्थ नाही.

बदलाच्या अभ्यासात मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं. १९४७ मध्ये त्याने बदलाचे तीन टप्पे मांडले: जुनी घडी सैल करणं, बदल करणं, नवी घडी बसवणं. त्याचा दुसरा मुद्दा तुमच्या जास्त कामाचा आहे. पुढे ढकलणारा जोर वाढवला की ताण वाढतो. अडवणाऱ्या गोष्टी काढल्या की बदल कमी ताणाने पुढे सरकतो. पत्रक हा जोर आहे. सामाईक अर्धा तास म्हणजे अडथळा काढणं.

एकदम पूर्ण वॉर्डात सुरू केलंत, तिथेही घाई झाली. आता १० खाटांपुरतं दोन आठवडे नीट करा. रोज दोनच आकडे लिहा: ओव्हरला लागलेली मिनिटं, आणि राहिलेली माहिती विचारायला घरी गेलेल्या स्टाफला किती फोन करावे लागले. बाकीच्या २० खाटांचे हेच आकडे त्याच दिवसांत लिहून ठेवा, नाहीतर फरक कशावरून दाखवणार? दुरुस्त्या झाल्या की उरलेल्या खाटा घ्या.

शांत_स्टेशन

वेळेचं वर आलंच आहे. भांडणाचं मूळ मात्र वेगळं आहे. स्टेशनवर बसून ओव्हर घेताना अर्धवट काम दिसत नव्हतं, खाटेपाशी ते सर्वांसमोर दिसतं. नेमकं काय पूर्ण करून द्यायचं हे कुठे ठरलेलं नसेल, तर प्रत्येकीचा निकष वेगळा आणि प्रत्येकीला दुसरीचं काम कमीच वाटतं.

म्हणून तिन्ही पाळ्यांतून दोन-दोन जणी घेऊन ४० मिनिटांची बैठक घ्या आणि एका पानाची यादी करा. पूर्ण हवंच असं: दिलेल्या औषधांच्या सह्या, इनटेक-आउटपुटची बेरीज, चालू सलाईन निदान पुढचा तासभर पुरेल इतकी, सुईची जागा पाहिलेली, मॉर्फिनसारख्या नियंत्रित औषधांची दोघींनी मिळून केलेली मोजणी. पुढे सोपवलं तरी चालेल असं: तातडीचं नसलेलं ड्रेसिंग, स्पंजिंग, न आलेला रिपोर्ट. एक अपवादही लिहून ठेवा: रात्री कोणाचं रिससिटेशन (हृदय किंवा श्वास थांबल्यावरचे तातडीचे उपचार) झालं किंवा लागोपाठ ॲडमिशन आली, तर राहिलेलं काम कारणासह सांगायचं आणि घेणारीने ते घ्यायचं. हा अपवाद नसेल तर चांगल्या नाइटलाही यादी हत्यारासारखी वाटते.

दुसरा नियम, खाटेपाशी फक्त दुरुस्ती, चर्चा नाही. सलाईन संपलेली दिसली तर "बदलून घेते" एवढंच. बाकीचं ओव्हर संपल्यावर दोघींनी बाजूला बोलावं, त्याच दिवशी. धोक्याची चूक असेल, समजा चुकीच्या पेशंटला औषध गेलं, तर पेशंटकडे बघणं आणि डॉक्टरांना कळवणं लगेच, रिपोर्टही त्याच पाळीत. तिथे कोणाचं मन राखायला थांबायचं नाही.

थॉमस आणि किलमन या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी वाद हाताळायच्या पाच तऱ्हा सांगितल्या आहेत: रेटणं, टाळणं, नमतं घेणं, मध्य काढणं, मिळून सोडवणं. पेशंटच्या सुरक्षिततेवर रेटायलाच हवं. कामाच्या वाटणीवर मिळून सोडवा. वॉर्डात सर्वांत जास्त चालते ती टाळाटाळ, आणि तीच पुढे गटबाजी होऊन बसते.

एक_स्टाफ

गोपनीयतेचं आधी ठरवा. एचआयव्ही, मानसिक आजार, पेशंटला अजून न सांगितलेलं निदान हे खाटेपाशी बोलायचं नाही. ते स्टेशनवर सांगायचं किंवा ओव्हरच्या कागदावर दाखवायचं, आणि कागद ड्युटी संपल्यावर फाडून टाकायचा. नातेवाईक असतील तर त्यांच्यासमोर बोललेलं चालेल का, हे पेशंटलाच विचारा. पडद्यातून आवाज जातो, हे विसरायला होतं.

इन्चार्ज_मेडिकल

सर्वांचे आभार. सामाईक वेळेचा अर्ज आजच लिहिते. पण त्या दोन सीनियर सिस्टरशी कसं बोलायचं? ज्युनियर त्यांच्याकडेच बघतात.

शांत_स्टेशन

दोघींशी वेगवेगळं बोला, स्टेशनवर नको, ड्युटीच्या वेळेतच आणि बसून. पहिली दहा मिनिटं फक्त ऐका. "या पद्धतीत तुम्हाला धोका कुठे दिसतो?" हा प्रश्न मनापासून विचारा. वर आलेला गोपनीयतेचा मुद्दा अशाच अनुभवी सिस्टर आधी पकडतात. खरा धोका सांगितला तर तो दुरुस्त करायचं काम त्यांच्याचकडे द्या, त्यांच्या नावानिशी.

मग तुमचं म्हणणं चार पायऱ्यांत सांगा: काय दिसलं, त्याचा परिणाम काय, काय हवं, झालं तर आणि न झालं तर काय. उदाहरणार्थ: "सिस्टर, मी रजेवर असताना ओव्हर स्टेशनवर झाली. मला याची काळजी वाटते, कारण खाटेवर काय चाललंय ते मॉर्निंगला कळत नाही. पुढचे दोन आठवडे त्या १० खाटांवर तुम्ही ठरल्याप्रमाणे ओव्हर द्या. आकडे सुधारले नाहीत तर आपण दोघी मिळून पद्धत बदलू." "तुम्ही नेहमीच" किंवा "सगळे म्हणतात" हे शब्द टाळा. समोरची मूळ मुद्दा सोडून त्या शब्दांवरच भांडते. ठरलं ते दोन ओळींत लिहून दोघींकडे ठेवा, पुढच्या भेटीची तारीख टाका.

ड्युटी लिस्टमधून कोणाला धडा शिकवू नका. विरोध करणारीला दोन नाइट जास्त लागल्या की योगायोग असला तरी कोणी मानत नाही. आणि कोणी ज्युनियरला वारंवार सर्वांसमोर अपमानित करत असेल, तर तो मतभेद राहत नाही. दोघींना समोरासमोर बसवून मिटवायला जाऊ नका, ज्युनियर तिथे बोलणारच नाही. तारीख, वेळ, नेमके शब्द असं लेखी घेऊन ते मेट्रनकडे द्या.

ड्युटीलिस्ट

रजेच्या दिवसांबद्दल राहिलं. त्या दिवशी ओव्हर कोण सुरू करणार, त्या सिस्टरचं नाव लिस्टवरच लिहा. नवीन स्टाफला पहिल्या आठवड्यातच हीच पद्धत शिकवा. आठवड्याला पाच ओव्हर तपासा, त्यातल्या दोन तुम्ही नसतानाच्या, दुसऱ्या सिस्टरकडून. सहा आठवडे त्या दोन बाकीच्या तीन ओव्हरसारख्याच निघाल्या, तर तपासणी महिन्यावर न्या.