मदत हवी आहे: स्पॅनिशमधले कपड्यांचे शब्द (चिलीत एक, पेरूत दुसरा, उरुग्वेत तिसराच)

गणवेशवाली

नमस्कार मंडळी,

सोलापुरात आमचं शाळेच्या गणवेशांचं छोटं युनिट आहे. आजवर माल महाराष्ट्र, कर्नाटक आणि थोडाफार आखाती देशांत जायचा. यंदा दक्षिण अमेरिकेतून चौकशा यायला लागल्यात आणि मेल बहुतेक स्पॅनिशमधून असतात. मी ऑनलाइन क्लास लावून स्पॅनिश शिकतेय, ए-२ (सुरुवातीची दुसरी) पातळी चालू आहे. त्यामुळे घरात 'ते स्पॅनिश मेल हिच्याकडे ढकला' असं परस्पर ठरून गेलंय.

अडचण अशी आहे की क्लासचं पुस्तक स्पेनचं. त्यात टी-शर्ट म्हणजे कामिसेता, स्वेटर म्हणजे खेर्सेई, जॅकेट चाकेता, स्कर्ट फाल्दा, मोजे काल्सेतिनेस. सगळं घडाघडा पाठ आहे. मेलमध्ये मात्र यातला एक शब्द सापडेल तर शपथ!

चिलीच्या सान्तियागोहून आलेली यादी: पोलेरा पिके, पोलेरोन, बुसो, देलान्ताल आणि 'युम्पर'.
पेरूच्या लिमाहून: पोलो, चोम्पा, बुसो, पोलेरा.
उरुग्वेच्या माँटेव्हिडिओहून दोनच ओळी: पांढरी तूनिका आणि निळी मोन्या.

भाषांतराच्या अ‍ॅपने 'युम्पर'चं स्वेटर केलं. पण त्यासोबत आलेल्या मापांत कंबर आणि गुडघ्यापर्यंतची उंची दिलीय, बाहीचं माप नाहीच. बिनबाह्यांचं, गुडघ्यापर्यंतचं स्वेटर कोण घालतं?

तर प्रश्न असे:

१. पोलेरा दोन्ही याद्यांत आहे. वस्तू एकच का? लिमावाल्यांनी पोलो आणि पोलेरा दोन्ही लिहिलेत, म्हणून शंका येते.
२. बुसोचा भाव नगावर द्यायचा की जोडीवर?
३. तूनिका म्हणजे आपल्याकडे शाळेत मुली घालतात तो ट्युनिकच ना? तसं असेल तर पॅटर्न तयारच आहे.
४. कॅटलॉग छापायचाय. त्यात कुठल्या देशाचे शब्द घालू? आणि पुस्तकच बदलावं का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

सान्तियागोत_सध्या

ताई, चिलीच्या यादीचं मी सांगतो. माझी दोन्ही पोरं इथल्याच शाळेत जातात, त्यामुळे हे सगळे कपडे रोज दोरीवर वाळत असतात.

पोलेरा म्हणजे इथे टी-शर्ट. 'पोलेरा पिके' म्हणजे कॉलरवाला, दोन-तीन बटणांचा, जाळीदार विणीचा. आपण ज्याला पोलो टी-शर्ट म्हणतो तो. पोलेरोन म्हणजे स्वेटशर्ट, टोपी असो वा नसो. बुसो म्हणजे पीटीच्या तासाचा ट्रॅकसूट, वरचं आणि खालचं मिळून. देलान्ताल म्हणजे कपडे खराब होऊ नयेत म्हणून लहान मुलं वरून घालतात तो अंगरखा. मुलींचा बहुधा निळ्या चौकटींचा असतो. मुलांचा बेज रंगाचा, आणि त्याला कोतोना म्हणतात. तेव्हा देलान्तालच्या ऑर्डरमध्ये मुलगे धरलेत की नाहीत ते विचारून घ्या. स्पेनच्या पुस्तकात देलान्ताल म्हणजे स्वयंपाकघरातला एप्रन असेल. इथे तोही अर्थ आहेच.

आणि तुमचा युम्पर म्हणजेच आपला ट्युनिक! गडद निळा, बिनबाह्यांचा, समोर बॉक्स प्लीट, आत पांढरा ब्लाउज किंवा पोलेरा. तुमचा तयार पॅटर्न इथे चालेल, माँटेव्हिडिओला नाही. तिथलं कुणीतरी सांगेलच.

अवांतर: इथे शाळकरी मुलांना 'पिंग्विनोस', म्हणजे पेंग्विन म्हणतात. गडद निळ्यावर पांढरं, म्हणून. २००६ साली विद्यार्थ्यांचं देशव्यापी आंदोलन झालं, त्याला नावही पेंग्विनांची क्रांती असंच पडलं.

चिवडेवाला

युम्पर वाचून आजी आठवली. ती ब्लाउजला शेवटपर्यंत 'झंपर' म्हणायची. शिंप्याकडे झंपर टाकलाय, झंपरचं कापड आणलंय. मूळ एकच की हो, इंग्रजांचा जंपर! सोलापुरात ब्लाउज झाला, चिलीत ट्युनिक झाला.

पंतोजीबाई

चिवडेवाले, आणि पेरूत स्वेटर झाला. चोम्पा हा शब्दही त्याच जंपरवरून आलाय. अर्जेंटिनात 'चोम्बा' म्हणतात, ब ने, आणि तिथे तो कॉलरवाला पोलो टी-शर्ट. गणवेशवाली, अर्जेंटिनाची चौकशी आली तर प आणि ब नीट बघा, एका अक्षराने लोकरीच्या स्वेटरचा टी-शर्ट होतो.

आता तुमचे प्रश्न. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते आणि हा कपड्यांचा धडा दरवर्षी मला छळतो.

पोलेराची तीन रूपं धरून चाला. चिलीत (आणि बोलिव्हियात) टी-शर्ट. पेरूत स्वेटशर्ट किंवा हुडी, म्हणजे सान्तियागोकर ज्याला पोलेरोन म्हणतात ते. अर्जेंटिनात उंच, गळाबंद कॉलरचं, ज्याला आपण टर्टलनेक म्हणतो. लिमावाल्यांनी दोन शब्द वेगळे लिहिले ते बरोबरच आहे, पेरूत टी-शर्टला पोलो म्हणतात. बाकी टी-शर्टला मेक्सिकोत प्लायेरा, अर्जेंटिना-उरुग्वेत रेमेरा, व्हेनेझुएलात फ्रानेला. यातला प्लायेरा स्पेनमध्ये नेलात तर कॅनव्हासचे बूट होतात, आणि फ्रानेला अर्जेंटिनात नेलात तर फर्निचर पुसायचं फडकं.

याहून मोठा खड्डा उच्चारात आहे. पोलेरा एका एल ने. दोन एल ने लिहिलं की तो 'पोयेरा' होतो, ब्वेनोस आयरेस आणि माँटेव्हिडिओकडचे लोक 'पोशेरा' म्हणतात, आणि अर्थ स्कर्ट! बोलिव्हियातल्या आयमारा बायका घालतात तो घेरदार, चुण्यांचा स्कर्ट पोयेराच. पनामाचा राष्ट्रीय पोशाखही पोयेरा. मेल टाइप करताना एक एल जास्त पडला तर समोरचा हजार स्कर्ट मागतोय असं वाटेल. हा शब्द पाठ करू नका, दर वेळी स्पेलिंग बघा.

बुसो चिली-पेरूत जोडी. अर्जेंटिना-उरुग्वेत फक्त वरचा भाग. कोलंबियात तर ट्रॅकसूटला सुदादेरा म्हणतात, आणि हीच सुदादेरा स्पेन-मेक्सिकोत स्वेटशर्ट. म्हणून मी वर्गात सांगते, अंगाच्या वरच्या भागाचा कुठलाही शब्द आला की आधी देश विचारा.

जॅकेटचं तर विचारूच नका. मेक्सिकोत चामार्रा, अर्जेंटिनात काम्पेरा, पेरूत कासाका. पुस्तकातला चाकेता मेक्सिकोच्या कॅटलॉगवर चुकूनही छापू नका. तिथे त्याला एक अश्लील अर्थ आहे आणि ग्राहक ऑर्डर द्यायच्या आधी हसतील.

पुस्तक मात्र बदलू नका. व्याकरण सगळीकडे तेच आहे. परीक्षेची भीती असेल तर देले आणि सिएले या स्पॅनिशच्या दोन्ही प्रमाणपत्र परीक्षांत मान्य असलेली कुठलीही प्रादेशिक भाषा चालते. सिएले तर सेर्व्हान्तेस संस्था, सालामान्का विद्यापीठ, मेक्सिकोचं उनाम विद्यापीठ आणि ब्वेनोस आयरेस विद्यापीठ मिळूनच घेतात. फक्त एका उत्तरात तीन देश कालवू नयेत.

शब्द तपासायला स्पॅनिश अकादमीचा ऑनलाइन शब्दकोश फुकट आहे. प्रादेशिक अर्थांच्या आधी देशांची संक्षिप्त नावं असतात, आपण घाईत नेमकी तीच गाळतो. शिवाय सगळ्या देशांच्या अकादम्यांनी मिळून २०१० साली खास लॅटिन अमेरिकेच्या शब्दांचा कोश काढलाय, तोही ऑनलाइन आहे. भाषांतराच्या अ‍ॅपला देश माहीत नसतो, कोशाला असतो.

गणवेशवाली

बाई, दंडवत! पोलेरा आणि पोयेरा कागदावर लिहून मशीनवर चिकटवलंय. म्हणजे लिमाला पोलेराच्या जागी टी-शर्टचा भाव गेला असता तर आमचाच बाजार उठला असता, हुडीला कापड दुपटीहून जास्त लागतं.

तूनिकाचं कुणी सांगेल का? सॅम्पल याच आठवड्यात कापायला घ्यायचंय.

कंटेनरवाले_काका

कापू नका, थांबा.

उरुग्वेच्या सरकारी प्राथमिक शाळांत मुलगे-मुली सगळेच आपल्या रोजच्या कपड्यांवर पांढरी तूनिका घालतात आणि गळ्याशी मोठा निळा बो बांधतात. तो बो म्हणजे मोन्या. तूनिका म्हणजे डॉक्टरांच्या कोटासारखी, पूर्ण बाह्यांची. ट्युनिकशी नाव सोडून काही संबंध नाही. प्लीट नाहीत, आणि मुलग्यांची मापंही लागतील. नदीपलीकडे अर्जेंटिनात हाच प्रकार, पण तिथे नाव ग्वार्दापोल्वो, म्हणजे अक्षरशः धुळीपासून राखणारा. तिथल्या सरकारी शाळांची ओळखच ती.

मी भाषा शिकलेलो नाही, निर्यातीत केस पांढरे केलेत. त्यामुळे माझं मत बाईंपेक्षा थोडं वेगळं. शब्दांवर विसंबूच नका. प्रत्येक ओळीपुढे एचएस कोड, म्हणजे कस्टमसाठी मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक लिहा. त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, चिलीचा कस्टमवाला असो की न्हावाशेवाचा. ६१ वा अध्याय होजिअरी (टी-शर्टसारखं निटेड कापड), ६२ वा वोव्हन (मागावरचं कापड). ६१०९ म्हणजे होजिअरीचा टी-शर्ट. कॉलरवाला मुलांचा असेल तर ६१०५, मुलींचा ६१०६. स्वेटर आणि स्वेटशर्ट ६११०. ट्रॅकसूट ६११२, आणि तिथे जोडीच धरली जाते. लिमावाल्याने पोलेरा लिहिलं आणि तुम्ही समोर ६११० टाकलं की तो हो किंवा नाही म्हणेल, वाद संपला.

त्याच्या जोडीला सपाट ठेवलेल्या कपड्याचा फोटो आणि सेंटिमीटरमध्ये मापं. साइझला चिली-पेरूत ताया म्हणतात, अर्जेंटिनात ताये. पण त्यांची १० नंबरची ताया आणि तुमची १० नंबरची साइझ एकच असेल असं समजू नका. छाती, उंची, बाही, एवढं लिहून मागवा.

अजून एक, कुणी सांगत नाही म्हणून. चिली, अर्जेंटिना, उरुग्वे, पेरू इथली शाळा मार्चच्या सुमारास सुरू होते. आपल्याकडे जूनचा माल संपवून जी मंडळी निवांत होतात, त्याच काळात यांचं उत्पादन सुरू व्हायला हवं. तुमच्या मशीनला हे बरंच आहे. मेक्सिकोची शाळा ऑगस्टच्या शेवटी उघडते, ती ऑर्डर आली तर मात्र आपल्या हंगामाशी टक्कर.

पंतोजीबाई

काकांच्या कोडला +१. पण कॅटलॉग शाळेचे मुख्याध्यापक बघणार, कस्टमवाले नाही. तिथे शब्द लागणारच. मी असं करेन: प्रत्येक देशासाठी तेच पान, फक्त नावं बदललेली. चिलीच्या प्रतीत पोलेरा, पेरूच्या प्रतीत पोलो. 'सगळीकडे चालणारं' म्हणून कामिसेता छापलंत तर सगळ्यांना कळेल, पण लिमाच्या दुकानदाराला ते परक्याचं वाटेल. शिवाय अर्जेंटिनात कामिसेता म्हटलं की आधी फुटबॉलची जर्सी किंवा आतला बनियन डोळ्यांपुढे येतो.

चेनसाठी सिएर्रे लिहा, दक्षिणेकडे चालून जाईल. क्रेमायेरा स्पेनला ठेवा.

सान्तियागोत_सध्या

मोजेही पाठवणार असाल तर: चिलीत काल्सेतिनेस चालतं, तुमच्या पुस्तकाचा पहिला विजय! पेरू आणि अर्जेंटिनात मेदियास. स्पेनमध्ये मेदियास म्हणजे बायकांचे लांब स्टॉकिंग, त्यामुळे पुस्तक बघून घाबरू नका.

गणवेशवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. माँटेव्हिडिओचं सॅम्पल थांबवलं, त्यांच्याकडून तूनिकाचा फोटो आणि मापं मागवलीत. युम्परचा पॅटर्न तयारच आहे, तो आधी घेते.

शेवटचं एक. लिमाच्या मेलमध्ये चोम्पाच्या रंगापुढे 'प्लोमो' लिहिलंय. कोशात बघितलं तर शिसं! हा रंग कुठला समजायचा?

पंतोजीबाई

राखाडी. पुस्तकातल्या 'ग्रिस'च्या जागी पेरूत प्लोमो सर्रास म्हणतात, चिली-बोलिव्हियातही ऐकू येतं. पेरूच्या शाळांचा जुना गणवेश राखाडीच, त्यामुळे हा शब्द तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटणार.

कंटेनरवाले_काका

राखाडी खरं, पण राखाडीच्या पन्नास छटा असतात. पॅन्टोन नंबर, म्हणजे रंगाच्या छटेचा ठरलेला क्रमांक मागा. नसेल त्यांच्याकडे तर तीन लॅब डिप (रंगवलेले छोटे नमुने) करून कुरियरने पाठवा, ते एकावर सही करून परत पाठवतील. त्याआधी लोकर रंगवायला देऊ नका.