भूक लागली की येईलच असं नाही

नवीन घरी आणलेली मांजर पलंगाखालून बाहेरच येत नाही, या प्रश्नावर "पलंगाखाली बसलीय तर बसू दे, भूक लागली की येईल आपोआप" असं वर दोघांनी लिहिलंय. बसू द्या, हे शंभर टक्के मान्य. ओढून बाहेर काढायच्या भानगडीत अजिबात पडू नका. पण भुकेच्या भरवशावर राहणं पटत नाही. घाबरलेली मोठी मांजर भूक असूनही खात नाही, आणि दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर शरीरातली चरबी यकृतात साठायला लागते. याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात, जिवावर बेतू शकतं. गुटगुटीत मांजरांना धोका जास्त, म्हणजे 'धष्टपुष्ट आहे, निभावेल' हा हिशेब उलटाच. पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करावा.

आमची बया सगळे झोपल्यावरच खायची, म्हणून वाटीतलं खाणं रात्री मोजून ठेवायचो आणि सकाळी बघायचो. आधीच्या घरी खात होती तेच सुरुवातीला द्या, शी-शूच्या ट्रेमधली वाळूसुद्धा तीच. नवीन ब्रँडचे प्रयोग नंतर, जुन्यात थोडं थोडं मिसळत. आणि वाटी ट्रेपासून लांब ठेवा; शेजारी असेल तर बऱ्याच मांजरी तोंडच लावत नाहीत.